क्विंटल वेगळा, टक्का वेगळा

मंगळवार रात्र, पांढरकवडा, केळापूर तालुका

लाइन उशिरा आली, पण काम मनासारखं झालं. जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) काटापट्टीचा, म्हणजे वजन-रकमेच्या पावतीचा, प्रोग्राम टाइपस्क्रिप्ट या भाषेत आहे. त्यातलं रक्कम काढणारं फंक्शन वजन, ओलावा आणि भाव मागतं. तिन्हींचा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, ‘नंबर’. म्हणजे कंपायलरच्या (चालवण्याआधी कोड तपासणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी तिन्ही एकच.

समजा, गाडीत ११.६० क्विंटल कापूस आहे, ओलावा ९.४० टक्के. आकडे उलटे गेले तर ९.४० क्विंटल आणि ११.६० टक्के. दोन्ही अगदी खरे वाटणारे! ओलावा १२ च्या आत, म्हणून माल नाकारलाही जात नाही, पट्टी गुपचूप छापून निघते. २०२४-२५ च्या लांब धाग्याच्या ७,५२१ रुपये हमीभावानं नुसत्या वजनात साडेसोळा हजार गेले. ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याची कपात वाढते ती वेगळीच. उसनवारीवर पेरणी केलेल्या घरात साडेसोळा हजार म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

टाइपस्क्रिप्टमध्ये नंबरला ‘क्विंटल’ असं टोपणनाव देऊन भागत नाही. तिथे टाइपची ओळख नावावरून नाही, घडणीवरून ठरते. म्हणून आज ब्रँडेड टाइप केले, प्रत्येक आकड्यावर त्याच्या मापाचा शिक्का. मुद्दाम उलटे आकडे देऊन पाहिले, लगेच कोडखाली चुकीची लाल रेघ. फार बरं वाटलं.

जिनिंगच्या दिवाणजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे चिठ्ठी निघाच्या आंधीच अडवते का हे?”

“चिठ्ठी सोडा, प्रोग्राम तुमच्या कम्प्युटरवर याच्याही आंधी.”

अर्थात प्रोग्राम चालायला लागला की हे टाइप उरत नाहीत. म्हणून काट्यावरचा नि मीटरवरचा आकडा आत येतानाच तपासायचा, आणि तपासल्याशिवाय शिक्का नाही. शिक्का मारणारी जागा प्रत्येक मापाला एकच ठेवली.

एफ-शार्प या दुसऱ्या भाषेचा मात्र हेवा वाटतो. तिथे मापं भाषेतच आहेत. रुपये प्रति क्विंटलला क्विंटलनं गुणलं की उत्तर रुपयांत, हे कंपायलर स्वतःच काढतो. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळयान गेलं ते मापांच्याच घोळात. एका सॉफ्टवेअरनं पाउंड-सेकंदात दिलेले आकडे पुढे न्यूटन-सेकंद म्हणून वापरले गेले.

उद्या रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) हिशोब. खंडी ३५६ किलोची, गाठ १७० किलोच्या आसपास, सरकी क्विंटलवर. तिघांना वेगळे टाइप, आणि एकातून दुसऱ्यात जायला नाव असलेलं फंक्शन. सरळ केलेल्या बेरजेला शिक्का मिळू द्यायचा नाही.