लाइट मजेंटा परत आला, दोष हेडचा नव्हताच

भरला! काल रात्री माझ्या सहा शाईंच्या इंकजेट फोटो-प्रिंटरवर काढलेल्या नोझल चेकमध्ये (प्रत्येक बारीक छिद्रातून शाई येते का ते दाखवणारं चाचणीचं पान) सहाही रंगांच्या रेघांच्या पायऱ्या सलग आल्या, आणि आज सकाळी चहाआधी पुन्हा काढला तर तशाच्या तशा. माझ्या दृष्टीने सकाळचा कागद जास्त मोलाचा. संध्याकाळी भरलेला लाइट मजेंटा, म्हणजे फिका गुलाबी रंग, सकाळी नाहीसा, असंच आतापर्यंत चाललं होतं.

मागची नोंद जिथे सोडली होती तिथून सांगतो. छपाई चालू असताना वीज गेली, रात्रभर आली नाही, आणि हेड (शाईचे थेंब सोडणारा भाग) कॅपपासून, म्हणजे एरवी ते ज्या रबरी झाकणावर टेकतं त्यापासून दूर, मधोमध उघडं राहिलं. वीज आल्यावर लाइट मजेंटाच्या खालच्या पायऱ्या गायब. फोटोंत चेहऱ्यांवर हिरवट छटा आणि गालांवर दाणे, कारण फिक्या गुलाबी भागात साध्या मजेंटाचे गडद ठिपके डोळ्यांना दिसतात. तो भाग भरायलाच तर लाइट मजेंटा असतो. क्लीनिंगवर क्लीनिंग देत बसलो नाही. दर वेळी सहाही टाक्यांतली शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते, ती किती भरली हे मोजणारा काउंटर वर चढतो. दोन-तीनदा देऊन फरक पडला नाही की थांबायचं, हे आपल्यात ठरलेलंच आहे.

म्हणून सिरिंज. डॅम्पर (शाईच्या नळीच्या टोकाला, हेडवर बसणारी छोटी डबी) काढला, सलाईनच्या नळीचा तुकडा कापून हेडच्या तोटीवर बसवला, खाली टिश्यूची घडी. पाणी फार्मसीतून आणलं: इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या १० मिलीच्या कुप्या मिळतात, त्याच. बॅटरीच्या दुकानातलं पाणी मी हेडला लावत नाही, आणि विहिरीचं पाणी पिण्याला कितीही गोड असलं तरी त्यातले क्षार नोझलमध्ये सुकतात. आपली शाई डाय आहे, ती पाण्यात विरघळते, त्यामुळे बोटाला सोसेल इतकं कोमट पाणी पुरतं. पिगमेंटवाल्यांची, म्हणजे न विरघळणारे रंगकण असलेल्या शाईची गोष्ट वेगळी, तिथे अमोनियाचं क्लीनर लागतं. हेडला जोडलेल्या चपट्या रिबन केबलवर प्लास्टिक गुंडाळून घ्या. तिच्या टोकाशी पाण्याचा थेंब गेला तर हेड जातं, वर मेनबोर्डही जाऊ शकतो.

दाब देताना घाई नको. आपल्या पिझो जातीच्या हेडमध्ये एक पातळ पडदा वाकतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. अंगठ्याने जोर लावलात तर तो पडदाच जायचा. मी पिस्टन जेमतेम सरकवायचो, हात काढून घ्यायचो, थोडं थांबायचो, परत सरकवायचो. टिश्यूवर बराच वेळ काही उमटेना. मग एका कडेला केसाएवढी गुलाबी रेघ आली, ती लांबत गेली आणि बघता बघता पूर्ण पट्टी झाली. तो कागद मी वाळवून वहीत चिकटवलाय.

सिरिंज हातात असली की मला कॅननची गोष्ट आठवते. १९७७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली, टोकातून शाई उडाली, आणि त्यातून बबलजेट जन्माला आला. तिथे शाई उकळून बुडबुडा करतात, एप्सनच्या पिझोमध्ये उष्णता लागतच नाही. त्यामुळे ‘हेड काढून गरम पाण्यात बुडवा’ छापाचा सल्ला कुठे दिसला तर तो कोणत्या जातीच्या हेडसाठी आहे ते आधी बघा. कॅनन-एचपीची कित्येक हेडं सहज हातात निघून येतात. आपल्यासारख्या पक्क्या बसवलेल्या हेडला ते सोपस्कार झेपत नाहीत.

तर, पट्टी आली, डॅम्पर बसवला, नोझल चेक पूर्ण. खरी डोकेदुखी इथून सुरू झाली. ए-फोरचा फोटो अर्ध्यावर जाईपर्यंत लाइट मजेंटा पुन्हा विरळ. चेक काढला तर पायऱ्या गेलेल्या, पण या वेळी वरच्या. परत काढला, तर मधल्या. हेच महत्त्वाचं आहे: नोझल बुजलेलं असेल तर दर वेळी तीच पायरी जाते. जागा बदलत असेल तर शाई नीट पोहोचत नाहीये, कुठेतरी हवा शिरतेय. हेड मोकळं होतं! तरीही मी डॅम्पर आणि नळ्याच तपासत होतो, कारण हवा म्हटलं की आपलं लक्ष वरच जातं.

डिचोलीच्या मित्राला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “कॅपमध्ये पाणी टाकून बघितलंस?”

करून बघा, सगळ्यांनी. प्लग काढून कॅरेज (हेड वाहून नेणारा भाग) मोकळं करायचं, हाताने डावीकडे सरकवायचं, कॅपमधल्या स्पंजवर ड्रॉपरने पाणी सोडून ती काठोकाठ भरायची, मग हेड जागेवर आणून, प्लग परत लावून एक क्लीनिंग द्यायचं. पुन्हा बघाल तेव्हा कॅप रिकामी हवी. माझी भरलेली होती, वर सगळ्या रंगांचा मिळून झालेला काळपट तवंग. म्हणजे कॅपमधून शाई ओढणारा पंप फिरत होता, आवाजही नेहमीचा, पण ओढत काही नव्हता. इतकी क्लीनिंग दिली ती सगळी वाया.

कॅपच्या खाली जिथे बारीक नळी जोडलेली असते, तिथे शाई काकवीसारखी घट्ट झाली होती. नळी सोडवून कोमट पाणी भरलं, बराच वेळ तशीच ठेवली, मग सिरिंजने मागे-पुढे केलं तेव्हा एक काळी गुठळी सुटली. रबराच्या ओठावरही वाळलेल्या शाईची कड होती, दिसत नव्हती पण नख फिरवल्यावर लागत होती. ओल्या कॉटन बडने ती पुसली, हेड पुसणाऱ्या वायपरची पातही पुसली. परत पाणी टाकून क्लीनिंग दिलं आणि शेवटी तो गुडगुड आवाज आला. कॅप कोरडी.

आता सगळं जुळतं. ऐन पावसाळ्यात, हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना, हेड एका रात्रीत इतकं सुकेल हे मला पटतच नव्हतं. वीज गेली हे निमित्त झालं. लेन्सना बुरशी धरू नये म्हणून आपण गोव्यात सगळेच फोटोची खोली कोरडी ठेवतो. माझा डीह्युमिडिफायर पंचेचाळीस टक्क्यांवर असतो आणि त्याची गरम हवा थेट प्रिंटरवर येत होती. त्यात कॅपचा ओठ नीट टेकत नव्हता, म्हणजे हेड बंद असतानाही सुकतच होतं.

पिवळा रंग मात्र नंतर दोन पानं नारिंगी आला. कॅपमध्ये शाई साचली की हेड त्या डबक्यात बसतं आणि शेजारचे रंग उलटे वर चढतात, त्याचा हा परिणाम. निव्वळ पिवळ्याची पानं काढत गेलो, तो निवळला. हेड गेलं असं समजून घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

सुट्या भागांबद्दल थोडं. म्हापशात आणि मडगावात विचारून झालं. टोनर हवा तेवढा आहे, डॅम्पर मागितला की पूर्ण प्रिंटरच बदलायचा सल्ला मिळतो. सर्व्हिसवाल्यांनी तर कॅप न उघडता हेड बदलायला सांगितलं होतं, आणि त्या हिशेबात थोडी भर घातली तर नवा प्रिंटर येतो. हे मला मनापासून खटकतं. पाण्याचे चार थेंब टाकून जे कळतं ते आधी बघायला काय हरकत होती? शेवटी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात फोन लावला. त्या माणसाने हेडच्या तोटीचा फोटो मागवला, माप विचारलं आणि मगच पैसे सांगितले. माल मागवायचा तर अशाच माणसाकडून.

आधी ठरवलं होतं की शाई सुकू नये म्हणून दर आठवड्याला नोझल चेक काढून भागवायचं. लिहिता लिहिता लक्षात आलं की तेवढ्याने रंग हलतात, पण फारच थोडे. रंगपट्ट्यांचं पान हवं. मात्र नेहमीच्या गडद पट्ट्यांत लाइट मजेंटा आणि लाइट सायन जवळजवळ वापरलेच जात नाहीत, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा संगणकातला प्रोग्रॅम) गडद भागासाठी गडद शाईच घेतो. म्हणून आता पांढऱ्यापासून फिक्या गुलाबीपर्यंत आणि पांढऱ्यापासून फिक्या निळ्यापर्यंत चढत जाणारे दोन पट्टे करतोय, फोटो पेपरच्या सेटिंगवर. काळ्यासाठी साध्या कागदाच्या सेटिंगवर चार ओळी मजकूर. फाईल तयार झाली की ज्यांना हवी त्यांना पाठवतो.

यूपीएसही घेतोय. इंकजेटला छापताना वीज इतकी कमी लागते की संगणकाचा साधा यूपीएस पुरतो; चालू पान पूर्ण होऊन प्रिंटर त्याच्या बटणाने बंद झाला की हेड कॅपवर बसतं. बोर्डाचं बटण मध्येच दाबू नका, घरातल्यांनाही सांगून ठेवा. डीह्युमिडिफायर आज खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. खरं तर कॅमेऱ्यांना छोटं ड्राय कॅबिनेट घेतलं तर अख्खी खोली कोरडी ठेवायची गरजच उरणार नाही, प्रिंटर पन्नास-पंचावन्न टक्क्यांत आरामात राहील. कागदाचं पाकीट तेवढं झिपच्या पिशवीत हवं, नाहीतर ग्लॉसीच्या कडा वळतात.

चतुर्थीपूर्वी गेल्या वर्षीच्या माटोळीचे (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या चौकटीचे) फोटो काढून नातेवाईकांना द्यायचे आहेत. आज सकाळी त्यातला एक छापला. पिकलेल्या सुपारीच्या घडाचा केशरी आणि कवंडळाचा लाल अगदी जसाच्या तसा, आणि मागे उभ्या असलेल्या आत्याचा चेहरा हिरवट नाही. लाइट सायनची एकच पायरी किंचित फिकी वाटतेय, पण तिची जागा बदलत नाही, म्हणून तिला सध्या हात लावत नाही; रंगपट्ट्यांनी सुटते का ते आधी बघतो. डॅम्पर आले की लाइट मजेंटा आणि लाइट सायनचे लगेच बदलणार. बाकीचे चार चतुर्थीनंतर.