पाहिलं ते लिही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. समोर दोन दिवसांपूर्वी व्यालेली गाय, हातात थर्मामीटर. 101.5 अंश फॅरनहाइट. निरोगी गाईचं अंग एवढं असतंच. आधी वहीत नोंद केली, मग फोनवर बोललो. ही सवय मला लष्कराने लावली असं घरचे समजतात. ती आपल्या शाळेची आहे.

आठवीत विज्ञानाच्या सरांनी प्रत्येकाला एक रोप आणि एक निरीक्षणवही दिली होती. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, ‘रोप उदास दिसते.’ सरांनी ‘उदास’भोवती लाल गोल केला आणि समासात विचारलं, ‘म्हणजे काय? कोणतं पान, कुठे वाकलं?’ खाली एक ओळ होती : ‘पाहिलं ते लिही. वाटलं ते नंतर.’

पुढे तोफखान्यात 17 वर्षं काढली. पहाऱ्यावर रात्रभर अंधारात बघत राहिलं की झुडुपंही चालू लागतात. बदलीला आलेल्याला मात्र दिसलं तेवढंच सांगायचं; आपल्याला काय वाटलं यावर त्याचा जीव टांगायचा नसतो. त्या दिवसांबद्दल इथे फार लिहीत नाही. तोफांनी उजव्या कानातले बारीक स्वर नेले. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, त्यामुळे पाखरं त्या बाजूने ऐकू येत नाहीत. गाईचं हंबरणं खालच्या पट्टीतलं, ते अजून येतं. याचं मला फार समाधान आहे.

निवृत्तीनंतर गाई घेतल्या. सुरुवातीला दूध कमी भरायचं. गाई पान्हा चोरतात, असं सगळे म्हणत, मीही वहीत तसंच लिहिलं. मग तो लाल गोल आठवला. चोरतात म्हणजे काय? आठवडाभर नुसतं पाहिलं. मी मोठ्याने बोलत आत शिरलो की माना वर व्हायच्या, कान मागे जायचे, एखादी तिथेच शेण टाकायची, आणि कास भरलेली असूनही धार लागायची नाही. भ्यालेल्या गाईच्या रक्तात ॲड्रेनालिन वाढतं आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. तोफेशेजारी हुकूम ओरडूनच द्यावा लागतो. तो आवाज गोठ्याबाहेर ठेवायला मला वर्ष लागलं. आता सडांना हात लावण्याआधी मी तिच्या पाठीवर हात ठेवतो आणि थोडा थांबतो.

एका रात्री अकराच्या फेरीत, त्याच दिवशी व्यालेली गाय बसलेली दिसली. उठवलं तरी उठेना. मान कुशीकडे वळवलेली, कान गार, नाक कोरडं. वहीत एवढंच लिहिलं आणि डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलं. दुग्धज्वर, ते लगेच म्हणाले. नावात ज्वर, पण अंग गार पडतं. विल्यानंतर दुधात इतकं कॅल्शियम उतरतं की रक्तातलं कमी पडतं. त्यांनी येऊन शिरेतून कॅल्शियम सोडलं, अगदी सावकाश, ठोके ऐकत. घाई केली तर हृदय बंद पडू शकतं. हळूहळू तिच्या अंगावर थरथर आली, तिने ढेकर दिला, शेण टाकलं आणि ती उभी राहिली. त्या रात्री मी रडलो.

पहिल्याच वर्षी एक वासरू मात्र गेलं. पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही. ती चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून मिळते, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटत दिवसभरात संपते. गाय पहाटे व्याली होती. वासरू आपलं आपण प्यायलं असेल, असं मला वाटलं. पाहिलं नव्हतं. मी चीक पाजला तो संध्याकाळी. आठव्या दिवशी ते हगवणीने गेलं. वहीत माझ्याच अक्षरात ‘प्यायले असेल’ असं आहे. आता पहिल्या दोन तासांत मी स्वतः बाटलीने पाजतो आणि वेळ लिहितो.

गुरांचा बुळकांडी हा साथीचा रोग जगातून संपल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसराच रोग. त्यात लशीचा वाटा मोठा, पण आजारी जनावर ओळखून वेळेवर कळवणाऱ्या गुराख्यांचाही होता. हे वाचलं तेव्हा सरांना सांगावंसं वाटलं. सर तोवर गेले होते.

माझी आठवीची वही हरवली. गोठ्याच्या मात्र चौदा भरल्या आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत जागा असेल तर त्या देईन, वासराच्या पानासकट. पंधरावी आत्ता देता येणार नाही. एका कालवडीला गाभण राहून 278 दिवस झाले आहेत. कास तटतटली आहे, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडलेत आणि संध्याकाळपासून ती सारखी ऊठबस करते आहे. अकरा वाजत आले, मला निघायला हवं.