तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टीतली 'मी'

"गोष्टी तर आधीपासून लिहितेस, मग चाळिशीनंतर हे निवेदक, लक्षणा, व्यंजना कशाला शिकायला बसलीस?" हे नवऱ्याने विचारलंय, मैत्रिणींनी विचारलंय, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी हातातलं पुस्तक बघूनसुद्धा विचारलंय. मी दरवेळी 'आवड आहे' म्हणते आणि विषय बदलते. आज खरं सांगते.

एक तर हे शब्द परके नाहीत हो. आमचं घर खाडीवर आहे असं आपण सगळेच म्हणतो, पाण्यावर कोणाचं घर असतं? काठावर, हा अर्थ ऐकणारा आपणहून घेतो, त्यालाच लक्षणा म्हणतात, आणि जुन्या संस्कृत ग्रंथांतलं उदाहरण तरी काय, गंगेवर गवळीवाडा. काठ न म्हणता गंगाच म्हटलं की तिचा गारवा, पावित्र्यही मनात येतं, ती व्यंजना. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ खाडीकडे बघत बसले होते. पण शिकायला बसले ती यासाठी नाही, निवेदक या एका शब्दासाठी.

एका दिवाळी अंकात माझी गोष्ट आली होती. त्यातली 'मी' आजारी बापाचा अंगठा कागदावर घेते आणि कलमांची बाग विकते. माझं माहेर मालगुंडच्या बाजूला, आमचीही कलमं आहेत, बाबा तेव्हा आजारीच होते. अंक कोणीतरी घरी नेऊन दिला. मी गेले त्या रात्री बाबा पडवीत बसलेले, अंक मांडीवर, चष्मा काढलेला. म्हणाले, "हे तू कधी ठरवलंस गो?"

मी म्हटलं, बाबा, ती गोष्ट आहे. ते म्हणाले, "पण 'मी' असं लिहिलंयस ना." मला पुढे बोलताच आलं नाही. काल्पनिक आहे, काल्पनिक आहे, एवढंच म्हणत राहिले, आणि ते मान हलवत राहिले, मला वाईट वाटू नये म्हणून. शिमग्याला आत्या सगळ्यांसमोर 'बापाचा अंगठा घेणारी' म्हणाली. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले.

मग कधीतरी वाचलं की लेखक गोष्टीच्या बाहेर असतो, आणि 'मी' म्हणून सांगणारा तो निवेदक, लेखकाने पात्रासारखाच घडवलेला, तो खोटंही बोलू शकतो, लेखक कधी करणार नाही ते करू शकतो. एवढं साधं. आणि बाबांना तर हे माझ्याआधी कळलं असतं, तरुणपणी शिमग्यात ते संकासूर व्हायचे, काळे कपडे, उंच टोपी, दाढी, पोरं किंचाळत पळायची, पण उतरवल्यावर त्यांना कोणी राक्षस म्हटलं नाही. बाबा, ती 'मी' म्हणजे माझा संकासूर, एवढं म्हणायला हवं होतं. सुचलं नाही.

माझं शिक्षणही 'मी' म्हणजे लिहिणाराच असं धरूनच झालेलं. केशवसुत आमच्या मालगुंडचे, म्हणून शाळेत अभिमानाने 'तुतारी' शिकलो, आणि त्या कवितेत तुतारी मागणारा 'मी' म्हणजे स्वतः केशवसुत, शिक्षकाची नोकरी करणारे कृष्णाजी केशव दामलेच असं लिहून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले. मग बाबांनी तसंच वाचलं तर त्यांची काय चूक?

पण खरं बोलायचं तर हा शब्दही मला पूर्ण सोडवत नाही. गोष्टीतल्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, कलमं बांधताना कोयत्याने. ते नख बाबांचं होतं. मी विचारून घेतलं नव्हतं. निवेदक वेगळी हे शंभर टक्के खरं, पण नख तिने नाही, मी उचललं, आणि बाबांनी आधी ते ओळखलं असणार. याला काय म्हणतात ते मी अजून शोधतेय. कधी वाटतं लेखकाला एवढा हक्क असतोच, दुसऱ्या दिवशी वाटतं नसतो.

या शिमग्याला आत्याला सगळं सांगायचं ठरवून गेले होते, संकासुराचं उदाहरण तयार ठेवलं होतं. पालखी अंगणात आली, आत्याने ओटीसाठी तांदूळ काढून माझ्यासमोर धरले, काही न बोलता. मी पदर पुढे केला.