4417 च्या शेजारचं अक्षर

ओहायोत आमच्या शेजारी एक 78 वर्षांचे गृहस्थ राहतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि टेबलावर एक जाडसर लोकरी मोजा ठेवला. मोज्यात पिस्तूल. वडिलांनी 1945 मध्ये जर्मनीतून आणलेलं. म्हणाले, "ल्युगर आहे. तुम्ही ठशांमधले, जरा वाचून सांगा."

ठशांमधला, कारण इकडे येण्याआधी मी बारा वर्षं पिंपरीच्या एका टूलरूममध्ये काढली. पोलादावर पंच कसा बसतो हे मला कळतं. पिस्तुलांतलं मात्र काही म्हणजे काही कळत नव्हतं. आणि एच-1बीच्या दिवसांत त्यांनी बोलावलं असतं तर मी दारातूनच परत फिरलो असतो. त्या व्हिसावरच्या माणसाने इथे बंदूक जवळ ठेवणं, थोडे अपवाद सोडले, तर गुन्हा ठरतो. आता नागरिक झालोय, तरी ठरवलं की वस्तू त्यांच्याच घरात राहील आणि मी फक्त बघेन.

आधी ते रिकामं आहे का ते पाहिलं. मुठीच्या तळाशी खटका आहे, तो मागे ओढून मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढलं, तर आत चार काडतुसं! 79 वर्षं मोज्यात. स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकणारा भाग, मागे ओढून नळीत बोट घालून खात्री केली. या पिस्तुलात घोड्याच्या, म्हणजे मागच्या हातोडीच्या, वर एक बारीक पिन असते. नळीत गोळी असेल तर ती बाहेर डोकावते. पण पिनवर विसंबून राहू नये. आणि भरलेल्या जुन्या पिस्तुलाचा घोडा सेफ्टीने खाली पाडू नये, झिजलेल्या भागांमुळे बार उडू शकतो. हे मला नंतर कळलं, आणि वाचून हात थरथरले.

ल्युगर नव्हतंच ते. स्लाइडच्या डाव्या बाजूला स्वच्छ लिहिलं होतं: पी.38. आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप जसं डालडा, तसं अमेरिकेत त्या काळचं कुठलंही जर्मन पिस्तूल ल्युगर. पी.38 हे वॉल्थर कंपनीचं डिझाइन, ल्युगरच्या जागी आणलेलं. ल्युगर बनवायला महाग आणि वेळखाऊ पडत होतं.

ठसे वाचायची युक्ती टूलरूममधलीच. उजेड वरून पाडायचा नाही. टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, मग प्रत्येक खाच आपली सावली टाकते. हातात दहापट भिंग. आकडा दिसला 4417, त्याच्याजवळ "बीवायएफ" आणि "44". उजव्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचे गरुड. एकाच्या पायांत तिरकं स्वस्तिक, बाकीच्यांखाली 135. गृहस्थांच्या मते "बीवायएफ" म्हणजे त्या जर्मन अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. लहानपणापासून त्यांनी त्या अधिकाऱ्याला एक नावसुद्धा देऊन ठेवलं होतं.

घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. ती आद्याक्षरं नव्हेत, कारखान्याचा सांकेतिक कोड. कुठला माल कुठे बनतो हे शत्रूला कळू नये म्हणून कंपन्यांची नावं काढून अशी अक्षरं दिली होती. बीवायएफ म्हणजे नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फचा माउझर कारखाना, 44 म्हणजे 1944. वॉल्थरचा कोड एसी. ग्रोटाऊच्या श्प्रेवेर्कचा सीवायक्यू, आणि त्यांनी तर साल टाकलंच नाही. 135 हा कारखान्याचा नव्हे, लष्कराच्या तपासनीसांचा आकडा. त्याच माउझरच्या ल्युगरांवर आधी 63, मग 655, मग 135 सापडतो. स्वस्तिकवाला गरुड म्हणजे जास्त दाबाची गोळी उडवून पिस्तूल पास झाल्याची खूण.

इथवर ठीक. माझी खरी फजिती रंगावरून झाली. स्लाइड निळसर काळी आणि फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा, राखाडी. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "दोन पिस्तुलं जोडून हे एक केलंय." त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी वाचलं की 1944 च्या माउझरमध्ये असे दुरंगी पी.38 कारखान्यातूनच निघत होते. काही भागांना ब्लूइंगचा निळसर काळा मुलामा, काहींना फॉस्फेटचा राखाडी. परत जाऊन माफी मागितली आणि पिस्तूल उघडलं. स्लाइड मागे अडकवायची, पुढची कळ फिरवायची, की स्लाइड आणि नळी एकत्र पुढे सरकून हातात येतात. नळीवर 4417, फ्रेमवर 4417. काठ उचललेले, जसे खऱ्या घावाने उचलले जातात. घासून पुन्हा मारलेला ठसा खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. तसं कुठेच नव्हतं. फक्त मॅगझिनवर 359, म्हणजे वॉल्थरच्या कारखान्यातल्या लष्करी तपासनीसांचा आकडा. सैनिक मॅगझिनं अदलाबदल करायचेच, आणि ल्युगरच्या मॅगझिनवर असतो तसा पिस्तुलाचा नंबर पी.38 च्या मॅगझिनवर सहसा नसतोच. त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

मग त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून कागद काढला. वडिलांच्या तुकडीच्या कमांडरची सही असलेला, हे हत्यार स्वतःची मालमत्ता म्हणून घरी न्यायची परवानगी देणारा. टाइपरायटरवर उमटलेलं: पी-38, 4417. आम्ही दोघंही उड्या मारायचेच बाकी होतो. असा कागद आणि पिस्तूल जुळलं की संग्राहक दाम दुप्पट मोजतात, अशी आमची ऐकीव माहिती.

फोटो घेऊन मी जवळच्या बंदुकांच्या प्रदर्शनात एका वृद्ध संग्राहकाच्या टेबलाशी गेलो. त्यांनी फोटो पाहिले आणि एकच विचारलं, "अक्षर कुठलं?"

मी गप्प. अक्षर मला दिसलं होतं. आकड्याला लागून एक छोटं वळणदार डी. पण जिथे तिथे एकेक ठसा असल्यामुळे तोही कुण्या तपासनीसाचाच, असं समजून मी टिपून घेतलाच नव्हता. तेच अक्षर नंबराचा भाग! दहा हजारांपर्यंत आकडे संपले की पुन्हा 1 पासून, पुढे ए लावून. मग बी, मग सी. म्हणजे त्या एका वर्षात माउझरनेच 4417 आकड्याची कितीतरी पिस्तुलं बनवली, प्रत्येक अक्षराला एक. वॉल्थरची वेगळी. कागदावर अक्षर नाही, कारखानाही नाही. 1945 मधल्या त्या कारकुनाला काय ठाऊक, की डी गाळला तर मोज्यातलं पिस्तूल इतरांसारखंच होऊन जाईल.

"म्हणजे खोटं?" त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी विचारलं.

"खोटं नाही. जुळतंय, पण सिद्ध होत नाही."

ते जरा वेळ कागदाकडे बघत बसले. मग खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि 4417 च्या पुढे नेलं. मी जवळजवळ झडप घालून त्यांचं मनगट धरलं. त्या कागदावर आज एक रेघ जरी उमटली, तरी त्याचं उरलंसुरलं मोल गेलं असतं.

"मग लिहू कुठे?"

मी त्यांच्या फ्रिजवरचं एक कोरं कार्ड काढून दिलं. त्यावर त्यांनी सावकाश, शाळेतल्यासारखं लिहिलं: पी.38, बीवायएफ 44, 4417 डी. डी दोनदा गिरवला. मग कार्ड आणि पिस्तूल दोन्ही मोज्यात गेले, आणि चार काडतुसं एका वेगळ्या डबीत, दुसऱ्या खोलीत.