मास्तर गेले त्या दिवशीची पहिली पाळी

गाडीच्या दरवाज्याच्या आतल्या पॅनलला खालच्या कोपऱ्यात चीर पडायला लागली, तेव्हा पहिली पाळी निम्मी सरली होती. सकाळचे पॅनल स्वच्छ निघाले होते. मग केसाएवढी रेघ दिसायला लागली आणि थोड्याच वेळात नख अडकेल इतकी फट. लाइन थांबवली. प्रेस शॉप, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारा आमचा विभाग, थांबला की पुढे वेल्डिंगवाल्यांचा साठा संपत येतो आणि फोनवर फोन सुरू होतात. मी मात्र आधी मास्तरांना फोन लावला.

मास्तर म्हणजे आमचे डाय फिटर, पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, बसवणारे आणि दुरुस्त करणारे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी अडलं की आम्ही त्यांनाच विचारायचो. "चीर आतून सुरू होते की कडेकडून?" एवढं विचारूनच ते निम्मी वाट मोकळी करून द्यायचे. त्या दिवशी फोन त्यांच्या मुलीने उचलला. "बाबा पहाटे गेले. झोपेतच. तुम्हाला कळवणारच होते मी," ती म्हणाली. फोन कशासाठी केला होता ते मी तिला सांगितलं नाही.

लाइनवर येऊन सगळ्यांना सांगितलं. पाळीतले बरेच जण त्यांच्या हाताखाली शिकलेले. एकजण हातमोजे काढून बाकावर बसला आणि रडायला लागला. कुणी त्याला उठवलं नाही. पण डाय उघडी होती आणि काम करायचं होतं.

प्रेस खाली येऊ नये म्हणून सेफ्टी ब्लॉक लावले, ती चुकून चालू होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपापलं कुलूप घातलं. ही मास्तरांची शिस्त. डायमध्ये हात घालणाऱ्याचं कुलूप त्याचं स्वतःचं आणि चावी त्याच्याच खिशात; यात ते साहेबांचंही ऐकत नसत. त्यांची चावी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असायची.

पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. ब्लँक होल्डर तो कडेने दाबून धरतो आणि पंच, म्हणजे डायमधला आकाराचा ठोकळा, मधून त्याला आकार देतो. दाब जास्त झाला तर पत्रा आत सरकत नाही, ताणला जाऊन फाटतो. कमी झाला तर सुरकुत्या पडतात. नवीन मुलं अशा वेळी थेट दाबाचा गेज बघतात. मास्तर आधी हात लावायला सांगायचे. हात लावला, तर डायचा कोपरा चांगलाच तापलेला. डाय तासन्‌तास चालली की घर्षणाने गरम होते, तेल पातळ होतं, आणि पत्रा घसरायच्या ऐवजी घासत जातो. म्हणूनच सकाळी नीट निघणारा पॅनल दुपारी फाटतो. पत्र्यावरचं जस्तही डायच्या त्या कोपऱ्याच्या गोलाईवर घासून चिकटलं होतं. ऑइल स्टोनने ते काढलं, बारीक पॉलिश मारलं, तेल वाढवलं, होल्डरचा दाब किंचित उतरवला. पॅनल शाबूत निघाला. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं होतं, आणि कारखान्यातल्या एकाही ड्रॉइंगवर त्यांचं नाव नाही. याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पाळी सुटल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिथे मुलाने जे सांगितलं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर कित्येक वर्षं रात्रपाळीच मागून घ्यायचे. भत्त्यासाठी घेत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. सुपरवायझरची जागाही त्यांनी नाकारली होती. अर्ज करा म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो होतो. खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या पत्नीचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास. रात्रपाळी संपवून ते तसेच त्यांना घेऊन जायचे आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचे. त्या गेल्यावर मात्र त्यांनी पहिली पाळी मागितली. मुलं शाळेतून आली की घरात कुणीतरी असावं म्हणून. कामावर यातलं एक अक्षर ते कधी बोलले नाहीत.

घरच्यांचंही तसंच. "आम्ही शाळेत सांगायचो, बाबा गाड्या बनवतात. म्हणजे नक्की काय करायचे ते?" मुलाने विचारलं. मग आम्ही सगळेच सांगत बसलो. हाताने चाचपून पत्र्यातला खळगा कसे शोधायचे. तोच खळगा दर पॅनलवर त्याच जागी आला की डायमध्ये काहीतरी अडकलंय, हे कसं ओळखायचे. त्या दिवशीची चीरही सांगितली, आणि सकाळचा फोन त्यासाठीच होता हेही.

मुलगी इतका वेळ गप्प होती. आमचे फोन बहुतेक वेळा तीच घ्यायची, आणि वडिलांचं बोलणं तिच्या कानावर पडायचं. तिने विचारलं, "दाब कमी केलात, मग सुरकुत्या नाही पडल्या?"

"कडेला थोडी पडली," मी म्हणालो, "पण ट्रिमिंगच्या रेषेबाहेर. पुढच्या डायमध्ये ती कड कापूनच जाते."

"आणि उद्या सकाळी डाय गार असेल तेव्हा?"

तेव्हा पुन्हा बघावं लागणार होतं, आणि मी तिला तसं सांगितलं.