ज्युरीनं दोषी ठरवलं, मग डॉक्टरचं नाव डॉक्टरांच्या यादीतून कापायलाच हवं का?

कुठल्याही डॉक्टरवर मेडिकल कौन्सिलनं, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेनं, कारवाई केली की ओळखीतलं कुणीतरी मला विचारतंच, अगं हायकोर्टात जाता येतं ना, मग कोर्ट बघून घेईल की. मी वकिली करते त्यामुळे हा प्रश्न ठरलेला. कोर्टात जाता येतं हे खरंय, पण कोर्ट सगळं प्रकरण पहिल्यापासून उकरत बसत नाही, आणि माझं ठाम मत आहे की त्यानं बसूही नये. हे समजावायला मला इंग्लंडमधली डॉ. हदिझा बावा-गार्बा यांची केस सगळ्यात जवळची वाटते. आपल्याकडून एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नोकरीला गेलेल्या किती डॉक्टर मुलामुलींनी 2018 मध्ये ही केस जीव मुठीत धरून फॉलो केली होती!

18 फेब्रुवारी 2011, लेस्टर रॉयल इन्फर्मरी. सहा वर्षांचा मुलगा, डाउन सिंड्रोम, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, उलट्या-जुलाब होतायत म्हणून सकाळी आणलेला. बावा-गार्बा मुलांच्या विभागात ट्रेनिंगमधल्या सीनियर डॉक्टर, बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतलेल्या. ड्युटीचे कन्सल्टंट, म्हणजे त्यांच्या वरचे तज्ज्ञ डॉक्टर, दुसऱ्या गावी शिकवायला गेलेले, आणि हॉस्पिटलची कॉम्प्युटर सिस्टिम बंद, त्यामुळे रक्ताचे बाकीचे रिपोर्ट संध्याकाळी चारनंतर हातात आले. पण सकाळच्या पहिल्याच तपासणीत पीएच 7.08 आणि लॅक्टेट 11, म्हणजे रक्तातलं आम्ल धोकादायक वाढलेलं, पोरगं खूप आजारी. सलाइन दिल्यावर जरा सुधारलं, म्हणून त्यांना वाटलं पोटाचं इन्फेक्शन आहे. छातीचा एक्स-रे दुपारी साडेबारालाच तयार होता पण त्यांनी तो बघितला तीनच्या सुमारास, त्यात न्यूमोनिया, आणि अँटिबायोटिक मिळेपर्यंत चार वाजले. साडेचारला कन्सल्टंट आले, त्यांना हे आकडे सांगितले, त्यांनी ते आपल्या वहीत लिहूनही घेतले, पण ते मुलाला बघायला गेले नाहीत. हा प्रसंग वाचला की मी दर वेळी तिथेच थांबते. संध्याकाळी मुलाला त्याचं हृदयाचं नेहमीचं औषध दिलं गेलं, जे त्या अवस्थेत द्यायला नको होतं. डॉक्टरांनी ते चार्टवर लिहिलं नव्हतं, पण देऊ नका असं आईलाही कुणी सांगितलं नव्हतं. रात्री मुलगा गेला, सेप्सिसनं, म्हणजे इन्फेक्शन सगळ्या शरीराला भोवल्यानं.

2015 मध्ये ज्युरीनं, म्हणजे खटल्यात दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं, डॉक्टरांना घोर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं, दोन वर्षांची शिक्षा झाली पण ती स्थगित. मग प्रकरण डॉक्टरांच्या ट्रायब्युनलकडे, म्हणजे डॉक्टरला काम करू द्यायचं का ते ठरवणाऱ्या मंडळाकडे आलं. जून 2017 मध्ये ट्रायब्युनलनं 12 महिन्यांचं सस्पेन्शन दिलं. मधली काही वर्षं त्यांनी नीट काम केलेलं, पुन्हा तसं होण्याचा धोका कमी, आणि त्या दिवशी हॉस्पिटलचंच बरंच काही बिघडलेलं होतं, हे ट्रायब्युनलनं धरलं. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलला ते पटलं नाही. ट्रायब्युनल कौन्सिलचाच भाग असलं तरी निर्णय स्वतंत्रपणे घेतं, आणि 2015 च्या अखेरीपासून कौन्सिललाही त्याच्याविरुद्ध हायकोर्टात जाता येत होतं. जानेवारी 2018 मध्ये हायकोर्टानं कौन्सिलचं ऐकलं. म्हणणं असं, की ज्युरीच्या निकालाचं खरं वजन ट्रायब्युनलनं मानलंच नाही, म्हणून डॉक्टरांच्या यादीतून नावच काढा.

यावर तिकडचे डॉक्टर प्रचंड चिडले, वर्गणी काढली आणि अपील झालं. 13 ऑगस्ट 2018 ला कोर्ट ऑफ अपीलनं हायकोर्टाचा निकाल उलटवून सस्पेन्शन परत आणलं.

हा निकाल मला महत्त्वाचा का वाटतो सांगते. कोर्ट म्हणालं की ज्युरीपुढचा प्रश्न वेगळा आणि ट्रायब्युनलपुढचा वेगळा. ज्युरी त्या दिवशी काय घडलं त्याचा दोष ठरवते. ट्रायब्युनलला पुढचं बघायचं असतं, लोकांची सुरक्षा, लोकांचा या पेशावरचा विश्वास. इतका गंभीर गुन्हा सिद्ध झाला की नाव गेलंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. आणि असा निर्णय अनेक गोष्टी तोलून घेतलेला असतो, सगळ्यांना समोर बसवून ऐकलेलं असतं, त्यामुळे तत्त्वातच चूक असेल किंवा कुठलंही शहाणं ट्रायब्युनल पोचणारच नाही अशा ठिकाणी ते पोचलं असेल तरच कोर्टानं हात घालावा. आम्ही असतो तर जास्त शिक्षा दिली असती, एवढं कारण पुरत नाही.

त्या आईवडिलांना हा निकाल अन्यायच वाटला, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यांचं पोर परत येणार नव्हतं. तरी मला वाटतं हीच वाट बरोबर. शिक्षा चढवत नेली की पुढच्या वेळी चूक लपवली जाते आणि त्यात पुढचं मूल दगावतं. 2019 मध्ये ट्रायब्युनलनं डॉक्टरांना अटींसह काम करायला परवानगी दिली, 2021 मध्ये अटीही काढल्या.

आता आपल्याकडे. राज्याच्या मेडिकल कौन्सिलनं कारवाई केली की 2019 च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यानुसार डॉक्टरला आधी एथिक्स अँड मेडिकल रजिस्ट्रेशन बोर्डाकडे आणि मग नॅशनल मेडिकल कमिशनकडे अपील करता येतं. कलम 30 मध्ये हे अपील फक्त डॉक्टरसाठी लिहिलंय, पेशंटच्या घरच्यांचं तिथं नावच नाही, हे मला अजिबात पटत नाही. त्यानंतर उरतं हायकोर्ट, घटनेच्या कलम 226 खाली रिट अर्ज. तिथं निर्णयापेक्षा तो घेण्याची पद्धत तपासतात. नोटीस दिली का, म्हणणं ऐकलं का, अधिकार होता का, कारणं दिली का. शिक्षा अगदीच अंगावर येण्याइतकी जास्त असेल तरच कोर्ट त्यात पडतं.

पण कोर्टानं कौन्सिलच्या निर्णयाला मान द्यायचा तर ऑर्डरमध्ये मान देण्यासारखं काही हवं ना? माझ्याकडे येतात त्यातल्या काही ऑर्डर दीड पानाच्या असतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं दोन ओळीत, मग थेट, डॉक्टर दोषी, तीन महिने नाव काढा. का, कशावरून, त्या रात्री वॉर्डमध्ये किती स्टाफ होता, काही नाही. अशी ऑर्डर कोर्टात टिकत नाही, प्रकरण परत कौन्सिलकडे जातं, पुन्हा वर्षानुवर्षं, त्यात डॉक्टरही पिळवटतो आणि ज्यांचं माणूस गेलं तेही. म्हणून माझ्याकडे डॉक्टर येवो की पेशंटचं घरचं, मी एकच सांगते, कौन्सिलपुढं असतानाच सगळी कागदपत्रं आणि ड्युटी रोस्टर लेखी द्या, आणि ऑर्डर आली की शिक्षा किती हे नंतर बघा, आधी कारणं लिहिलीत का ते वाचा.