एक पुस्तक येणे बाकी

शाळेच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक माझ्याकडून परत यायचं राहिलं आहे. आता ते येणारही नाही. पण अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि पहिलं तेच आठवलं. स्नेहसंमेलनं, सहली यांच्यावर बाकीचे लिहितीलच.

१९६१चा जुलै. मी सातवीत, दादा दहावीत. शनिवारी ग्रंथालयाच्या तासाला ते पुस्तक माझ्या वाट्याला आलं. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर नुसता नंबर आणि सुरुवातीची पानं गायब. त्यामुळे पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचंही नाही. गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची. दादाने ते माझ्या हातातून ओढून एका रात्रीत संपवलं. मी शेवटच्या प्रकरणापाशी पोचले तेव्हा बुधवार उजाडला होता, १२ जुलै.

त्या सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून वर आलं. आई म्हणाली, "मोरी तुंबली वाटतं." तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा सुरू झाला आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वती गाठली. पुस्तक दिवळीत राहिलं. पाणी ओसरल्यावर परतलो, तर दिवळीसकट भिंतच नव्हती.

आप्पा छापखान्यात कंपोझिटर होते. तिथे खिळ्यांच्या केसी, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं ठेवायच्या कप्प्यांच्या पेट्या, गाळाने भरून गेल्या होत्या. शाळा बंद होती तेवढे दिवस आम्ही दोघं खिळे धूत बसायचो. घमेल्यात पाणी, चाळणीत खिळे, खराट्याच्या काडीने कानाकोपऱ्यातला गाळ काढायचा, पुसायचं आणि 'क'च्या घरात 'क' टाकायचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. ते सुलट वाचायची सवय मला तिथे लागली. नखांतला गाळ मात्र कितीतरी दिवस जाईना. दादा म्हणायचा, "तुझं पुस्तक यातच आहे सगळं. जुळव आता!"

शाळा उघडली. पुस्तकाची भरपाई मागतील म्हणून मी धास्तावले होते. ग्रंथालय चित्रकलेच्या सरांकडे असायचं. त्यांच्यासमोर टेबलावर नोंदवही होती, गाळ वाळून अगदी वीट झालेली. सर म्हणाले, "कोणाकडे काय होतं, ते आता ज्याचं त्यानं लक्षात ठेवायचं." मी ठेवलं.

शेवट काय होता, हे दादाला किती वेळा विचारलं असेल! दर वेळी नवा शेवट. एकदा मुलगी बुडाली, एकदा आगगाडीत बसून मुंबईला गेली. भाऊबीजेला खिसा रिकामा असला की ओवाळणीऐवजी एक शेवट माझ्या ताटात. मी अप्पा बळवंत चौकातली दुकानं पालथी घातली, रद्दीवाले धुंडाळले. पण ज्याचं नावच माहीत नाही ते पुस्तक मागायचं तरी कसं? अखेर १९७८ साली वैतागून शेवट मीच लिहिला. मुलगी घरी येते, होडी वाळूत पालथी घालते आणि तिला डांबर फासायला बसते. एका दिवाळी अंकात ती कथा आली. माझी छापून आलेली पहिलीच. दादा तिच्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. वाचली की नाही, तेही कळलं नाही. मीही मानी, विचारलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात दादा गेला. त्याआधी दोन वर्षं त्याला काही आठवत नसे. मला आई म्हणून हाक मारायचा. एका दुपारी मी चहाचं आधण ठेवलं होतं, तर आपणहून म्हणाला, "ए, तुझं ते खाकी पुठ्ठ्याचं पुस्तक. शेवटी ती होडी पालथी घालते बघ. डांबर फासत बसते. मी वाचलंय."

"हो का?" म्हटलं आणि चहा गाळायला आत गेले.